अप्पांची ओळ

ताई, सादर नमस्कार.

मी जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. केळी पिकवायच्या चेंबरची कंट्रोल पॅनेल आम्ही बनवतो, बसवतो आणि पुढे देखभालही करतो. टीम नऊ जणांची. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी टीमसाठी विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची-सुधारायची संगणकावरची वही, सुरू केला. सुरुवातीला सगळ्यांनी हौसेने लिहिलं, मग नुसता पसारा झाला. एकाच कामाची तीन-तीन पानं, त्यातलं खरं कुठलं ते कळेना. दिवाळीनंतर मी मनावर घेतलं आणि आवरायला सुरुवात केली.

त्यात अप्पांचं एक पान होतं. अप्पा आमच्यातले सगळ्यात जुने मेकॅनिक. पानात मध्येच सुटी ओळ होती, 'चेंबर ३ चा मागचा सेन्सर दीड डिग्री जास्त दाखवतो, ध्यानात ठेवणे.' पान नीटनेटकं दिसावं म्हणून मी ती काढून टाकली. महिन्याभराने रात्री आमचा नवा मुलगा त्या साइटवर होता. त्याने पानात बघून १६ डिग्री सेट केलं. माल वेळेत पिकला नाही, रंगही एकसारखा आला नाही, व्यापाऱ्याची गाडी चार तास दारात उभी राहिली. अप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. साहेबांना एवढंच म्हणाले, 'आता मी तिथे काही लिहिणार नाही.' तेव्हापासून बाकीच्यांनीही हात आखडता घेतलाय.

साहेबांनी मला विकीचे नियम लिहून आणायला सांगितलंय. दहा पानं लिहून झाली आहेत. पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच. दुसऱ्याच्या पानाला हात लावायचा की नाही?

तुमची,
एक ज्युनिअर इंजिनिअर, जळगाव

* * *

हात लावायचा. लावायलाच हवा. हे आधी सांगते, कारण तुझ्या पत्रात अपराधीपणा एवढा भरलाय की यापुढे तू दुसऱ्याच्या पानातला चुकीचा ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सुधारणार नाहीस अशी मला भीती वाटते. ते झालं तर तुमचा विकी सहा महिन्यांत मेला म्हणून समज.

विकी ही चीज निघालीच मुळी त्यासाठी. अमेरिकेतल्या वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने २५ मार्च १९९५ ला पहिला विकी सुरू केला, तोही तुमच्यासारख्याच लोकांसाठी. प्रोग्रॅमरांनी कामात आलेले अनुभव एका जागी लिहावेत आणि दुसऱ्याला काही चुकलेलं दिसलं तर त्याने तिथल्या तिथे दुरुस्त करावं, एवढाच हेतू. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस धावायची, तिच्यावरून त्याने नाव उचललं. हवाई बेटांवरच्या भाषेत विकी म्हणजे चटकन. चटकन लिहा, चटकन सुधारा. लिहिणाऱ्याच्या परवानगीची वाट बघत बसायचं असेल तर मग साध्या फायली पुरेत, विकी कशाला?

तेव्हा अप्पांच्या पानाला तू हात लावलास यात काही वावगं नाही. चूक दुसरीकडे झाली, आणि ती नेमकी कुठे झाली ते नीट बघू या, कारण तुझे सगळे नियम तिथूनच निघणार आहेत.

चेंबर ३ मध्ये त्या रात्री काय झालं असेल ते डोळ्यांपुढे आण. केळी पिकवताना हवा साधारण १६ ते १८ डिग्रीला ठेवतात. मागचा सेन्सर दीड डिग्री जास्त दाखवतो, म्हणजे पॅनेलवर १६ दिसतं तेव्हा आत खरं तापमान साडेचौदा असतं. पॅनेल बिचारं सेन्सरवर विश्वास ठेवून कंप्रेसर चालवत राहतं. साडेचौदाला केळी काळी पडत नाही, त्यासाठी तेराच्या खाली जावं लागतं. पण पिकणं मंदावतं. तुमच्या मुलाने पानात लिहिलेलं अक्षरन् अक्षर पाळलं, पॅनेलनेही सांगितलेलं सगळं केलं, आणि तरी माल बिघडला. त्या पानावर एकच ओळ अशी होती जी त्याला सांगू शकली असती की बाबा, या एका चेंबरमध्ये साडेसतरा सेट कर. तुला ती ओळ कचऱ्यासारखी दिसली.

का दिसली? कारण ती तशी लिहिलेलीच होती. अप्पांचा मान ठेवून सांगते, ओळ अपुरी होती. सेन्सर जास्त दाखवतो हे कशावरून? कधी बघितलं? कोणत्या थर्मामीटरने? अजून तसंच आहे का? 'ध्यानात ठेवणे' म्हणजे वाचणाऱ्याने नेमकं करायचं काय? अप्पांना हे सगळं ठाऊक आहे, त्यांच्या दृष्टीने 'ध्यानात ठेवणे' पुरेसं आहे. पण विकी अप्पांसाठी नसतो. रात्री दोन वाजता मोबाइलच्या उजेडात पान वाचणाऱ्या, फोन करून कोणाला उठवायची भीड वाटणाऱ्या नव्या मुलासाठी तो असतो. त्या मुलासाठी ओळ अशी हवी होती:

'चेंबर ३, मागचा सेन्सर: खऱ्यापेक्षा १.५ डिग्री जास्त दाखवतो. म्हणून या चेंबरला १६ हवं असेल तर १७.५ सेट करा. हातातल्या थर्मामीटरशी तीन वेळा ताडून पाहिलं आहे, अप्पा, अमुक तारीख. सेन्सर बदलला की ही ओळ काढा.'

या ओळीतला शेवटचा तुकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 'सेन्सर बदलला की ही ओळ काढा.' ओळ कधीपर्यंत खरी आहे ते ओळ स्वतःच सांगते. मग तुझ्यासारख्या आवरणाऱ्या मुलीला अंदाज करावा लागत नाही. सेन्सर बदललाय का? नाही. मग ओळ राहू दे. बदललाय? मग खुशाल काढ.

म्हणून तुझा पहिला नियम मी असा लिहीन: जी ओळ का लिहिली ते आपल्याला माहीत नाही, ती काढायची नाही. आधी विचारायचं. विचारायला माणूस नसेल तर ओळ तशीच ठेवून तिच्या बाजूला लिहायचं, 'हे अजून लागू आहे का?' शुद्धलेखन, मोडलेली लिंक, चुकलेला क्रमांक, परिच्छेदांची मांडणी, हे विचारत बसू नकोस, कर. पण इशारा, सावधगिरी, एखादा विचित्र वाटणारा आकडा, 'असं करू नये' असं म्हणणारी ओळ, यांच्यापाशी थांब. टेक्निकल पानावरचं जे वेडंवाकडं दिसतं ते बहुतेक वेळा कोणीतरी नुकसान सोसून लिहिलेलं असतं.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर थोडी थांबते, कारण तुमच्या धंद्यात सगळा खेळ आकड्यांचा आहे आणि पानावर सगळे आकडे सारखेच दिसतात. इथिलीन (केळी पिकवायचा वायू) १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर, तापमान १६ ते १८, चेंबर ३ ला साडेसतरा. हे तीन आकडे तीन वेगळ्या घरचे आहेत. १०० पीपीएम ही अन्नसुरक्षेच्या नियमाने घातलेली कमाल मर्यादा आहे. ती तुम्ही टीममध्ये बसून बदलू शकत नाही. १६ ते १८ हे केळीच्या स्वभावातून आलेलं आहे, ते कुठल्याही गावातल्या कुठल्याही चेंबरला लागू. आणि साडेसतरा हा फक्त त्या एका यंत्राचा, त्या एका बिघडलेल्या सेन्सरचा आकडा. उद्या कोणी तो उचलून चेंबर ५ ला लावला तर पुन्हा गोंधळ. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते दोन शब्दांत लिहायचं: नियम, उत्पादकाचं मॅन्युअल, की आपला अनुभव. हल्ली एआयकडून मसुदा करून घेऊन पान भरायची सवयही दिसते. घ्या करून, वेळ वाचतो. पण त्यातला आकडा यंत्रापाशी उभं राहून ताडून बघितल्याशिवाय पानावर चढता कामा नये.

कारणही आकड्याइतकंच महत्त्वाचं. 'चोवीस तासांनी दार उघडून वीस मिनिटं हवा बदला' असं नुसतं लिहिलं की घाईच्या दिवशी कोणीतरी वीसची पाच करणार. शेजारी लिही: बंद चेंबरमध्ये केळी श्वास सोडते, कार्बन डायऑक्साइड साठतो, तो एक टक्क्याच्या वर गेला की पिकणं रखडतं, आणि हवा न बदलता आत जाणाऱ्या माणसालाही धोका असतो. आता पाच मिनिटांत दार लावायला कोणाचा हात धजणार नाही.

दुसरी गोष्ट, तू ओळ काढलीस तेव्हा बदलाची नोंद लिहिली होतीस का? पत्रात तसं काही नाही, म्हणजे नसणार. बहुतेक विकींत सेव्ह करताना एक लहानशी चौकट असते, काय बदललं आणि का, ते लिहायला. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, तिथलं कोणतंही पान उघड आणि 'इतिहास पहा' वर जा. कोणी कधी काय बदललं त्याची रांग दिसेल. ज्यांनी त्या चौकटीत दोन शब्द लिहिले त्यांच्या बदलाबद्दल भांडण होत नाही, झालं तरी 'चर्चा' पानावर मिटतं. रिकामी चौकट मात्र संशय निर्माण करते. अप्पांनी इतिहास बघितला असेल तर त्यांना काय दिसलं? त्यांची ओळ गायब, कारण नाही, तुझं नाव. नऊ जणांच्या टीममध्ये तू त्यांच्या टेबलापासून दहा पावलांवर बसत असशील. 'अप्पा, ही ओळ कशाची?' एवढं विचारलं असतंस तर चहाच्या वेळी अर्ध्या मिनिटात सुटणारी गोष्ट होती. मी हे तुला टोचायला म्हणत नाही. विकी असला म्हणजे बोलणं संपलं असं पुष्कळांना वाटतं, आणि तिथेच घात होतो.

मी स्वतः एका कारखान्यात ट्रेनी होते तेव्हाचं सांगते. कारखान्याचं नाव नको. तिथे तेलाच्या लाइनवरच्या व्हॉल्व्हना नवे क्रमांक दिले गेले. सुरू करायची पद्धत तीन ठिकाणी लिहिलेली होती: पंपहाउसच्या भिंतीवर, सुपरवायझरच्या फाइलमध्ये आणि ट्रेनींच्या वहीत. भिंतीवरचे आणि फाइलमधले क्रमांक बदलले, वही राहिली. माझ्या हातात वही होती. मी '७' बंद केला, जो आता वेगळाच व्हॉल्व्ह होता, आणि पंप सुरू केला. तेल जमिनीवर आलं तेव्हा मला काही कळेपर्यंत बूट बुडाले होते. कोणाला इजा झाली नाही, पण फरशीवरच्या त्या तेलाचा वास मला आजही आठवतो. त्या दिवसापासून माझं एक पक्कं मत झालंय: एक गोष्ट एकाच जागी लिहायची. दुसरीकडे हवी असेल तर लिंक द्यायची, मजकूर उचलून चिकटवायचा नाही. चिकटवलेला मजकूर चिकटवला त्या दिवशी बरोबरच असतो, मूळ पान बदललं की तो मागे राहतो आणि चुकीचा असूनही बरोबर असल्यासारखा दिसतो.

तुमच्या त्या तीन-तीन पानांचं दुखणं हेच. लिहायला बसण्याआधी शोधायची सवय लागली की निम्मं दुखणं कमी होईल. शोधलं आणि अर्धवट पान सापडलं, तर नवं काढू नका, त्याच पानात भर घाला. दोन पानं एकत्र केलीत तर जुनं पान पुसून टाकू नका, त्याच्या माथ्यावर 'हे आता तिकडे आहे' म्हणून वाट दाखवून ठेवा. कोणाच्या तरी मोबाइलमध्ये जुनी लिंक सेव्ह असतेच.

शोधल्यावर सापडायलाही हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी तुम्हाला सगळ्यात जास्त फोन कशाचे येतात? कंप्रेसर बंद पडल्याचे. बाहेरच इतकं तापलेलं असतं की कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता येत नाही, प्रेशर चढतं आणि कटआउट, म्हणजे जास्त प्रेशरला बंद करणारा स्विच, मशीन थांबवतो. आता या विषयावर तुमच्या विकीवर पान असेलच, आणि त्याचं नाव बहुधा 'रेफ्रिजरेशन सिस्टीम: सर्वसाधारण माहिती' असं असेल. ते कोणाला सापडणार? पॅनेलवर जे दिसतं ते नावात हवं: 'एचपी ट्रिप, कंप्रेसर बंद' (एचपी म्हणजे हाय प्रेशर). पॅनेलवर इंग्रजीत जी अक्षरं येतात ती जशीच्या तशी पानात टाका, कारण माणूस घाबरला की समोर दिसतं तेच टाइप करतो. आणि साइटवरची माणसं ज्या शब्दात फोन करतात तेही टाका. 'मशीन गरम मारतंय' म्हणत असतील तर तेच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. एखादा अहिराणी शब्द तुमच्या ऑपरेटरच्या तोंडी रोज असेल तर त्याला पानात जागा द्या. मग पहिली ओळ सरळ कामाची: फॅन फिरतोय का बघा, कॉइलवर धूळ बसलीय का बघा, एकदाच रीसेट करा, पुन्हा ट्रिप झालं तर रीसेट करू नका, फोन करा. कंप्रेसर कसं चालतं याचं शास्त्र खाली. ज्याला सवड आहे तो वाचेल.

तारखेबद्दल थोडं. आपल्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने १९२७ पासून संशोधन मंडळ आहे. जुन्या कागदांवर काम करणाऱ्या कोणालाही विचार, बिनतारखेचा कागद हाती आला की केवढी पंचाईत होते. मजकूर खरा असतो, पण कधीचा खरा? तुमच्या पानांचं तेच. विकी शेवटच्या बदलाची तारीख आपोआप दाखवतो, पण ती फसवी असते. कोणी काल स्वल्पविराम टाकला असेल तरी पान कालचं दिसतं. म्हणून पानाच्या माथ्यावर वेगळी ओळ हवी: 'यंत्रावर करून पाहिलं', कोणी, कोणत्या साइटवर, कधी. उन्हाळा सुरू होण्याआधी, फेब्रुवारीत, नऊ जणांनी पानं वाटून घ्या आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याची यंत्रापाशी जाऊन तपासा. एका जणाने सगळी तपासू नयेत. तू तर नाहीच नाही.

अर्धवट पान टाकायचं का, असा प्रश्न बाकीचे नक्की विचारतील. टाकायचं. माथ्यावर 'अपुरं' लिहून टाकायचं. चार ओळींचं अपुरं पान हाताशी असलेलं बरं, चाळीस ओळींचं पूर्ण पान नुसतं मनात असून काय उपयोग? फोटो टाकले तर छान, पण फोटोतलं अक्षर शोधात सापडत नाही, म्हणून खाली दोन ओळी टाइप करायच्या.

एका बाबतीत मात्र अजिबात सूट देऊ नकोस. पासवर्ड, गिऱ्हाइकाच्या पॅनेलचा लॉगिन, कोणाचा खासगी मोबाइल नंबर, व्यापाऱ्याचे दर, यातलं काहीही विकीवर नको. 'टाकू आणि नंतर काढू' हेही चालत नाही, कारण पानावरून पुसलं तरी इतिहासात ते राहतं आणि कोणालाही मागे जाऊन वाचता येतं. कोणाकडून चुकून टाकलं गेलंच तर ओळ पुसून थांबायचं नाही, तो पासवर्डच बदलायचा, त्याच दिवशी.

आता दहा पानांच्या नियमावलीबद्दल. मेहनत घेतलीस, पण ती कोणी वाचणार नाही. अप्पा तर नाहीच, आणि त्यांनी वाचावी अशी अपेक्षाही करू नये. एका पानात बसेल तेवढं ठेव. आधी शोधा. एक गोष्ट एकाच जागी. बदललंत तर का ते लिहा. कारण माहीत नसेल तर काढू नका. सेट-पॉइंट (पॅनेलवर सेट करायचा आकडा) आणि सुरक्षेची ओळ बदलायची असेल तर दोघांनी मिळून. गुपितं नकोत. यापुढे जे लागेल ते काम करता करता भर घाला. नियमांचं पानही विकीचंच पान आहे, ते कोणालाही सुधारता यायला हवं.

तुला वाटेल, एवढ्याशा नियमांवर नऊ माणसं कशी चालतील. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठची, पाणी वाटून घ्यायची फड पद्धत तू ऐकली असशील, तुझ्या घरात कोणाची साक्रीकडे शेती असेल तर पाहिलीही असशील. काही शतकं ती चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाणी प्रत्येकाने आपल्या मनाने फोडायचं नाही, पाटकरी, म्हणजे पाणी सोडायला नेमलेला माणूस, देईल तसं घ्यायचं. आणि पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. यातल्या दोन गोष्टी तुझ्या कामाच्या आहेत. पाट कोणा एकाचा नसतो, म्हणून त्यातला गाळ काढताना कोणाचा अपमान होत नाही. पण बांध जमिनीच्या मालकाला न विचारता कोणी फोडत नाही. तुमच्या विकीत गाळ कोणता आणि बांध कोणता, हे नऊ जणांनी एकदा एकत्र बसून ठरवलं की निम्मी भांडणं उगवणारच नाहीत. चुकलेला शब्द, तुटलेली लिंक, दुबार मजकूर हा गाळ. सेन्सरची ओळ हा बांध. पाटकऱ्यासारखा एक माणूसही लागतो, आठवड्याला तासभर पानांवरून फिरणारा, कुठे तुंबलंय ते बघणारा. ते काम तुला आवडतं असं तुझ्या पत्रावरून दिसतंय. घे ते अंगावर, पण दर तीन महिन्यांनी दुसऱ्याकडे दे, म्हणजे विकी 'तिचा' होणार नाही.

साहेबांना माझ्या वतीने एक सांग. विकी लिहायला वेळ द्यावा लागतो, आणि तो कामाच्या वेळातला द्यावा लागतो. संध्याकाळी सहानंतर, घरी जायच्या घाईत लिहिलेलं पान तसंच घाईचं होतं. साइटवरचं काम 'झालं' असं कधी म्हणायचं? पान बदलून झाल्यावर. जॉब कार्डवर त्यासाठी एक रकाना पाडा. एवढं साहेबांनी केलं तर बाकी कशाची सक्ती करावी लागणार नाही.

आणि पान चांगलं झालंय की नाही हे ओळखायची एक खात्रीची रीत सांगते. ज्याने लिहिलं त्याला शेजारी उभं करायचं आणि तोंड बंद ठेवायला सांगायचं. त्या नव्या मुलाच्या हातात पान द्यायचं आणि त्याला काम करू द्यायचं. तो जिथे अडखळतो, जिथे मान वर करून बघतो, तिथे पान अपुरं आहे. मुलगा नाही. त्या रात्रीनंतर त्या पोरालाही कोणीतरी हे सांगायला हवं. तुम्ही सगळे अप्पांच्या नाराजीत गुंतलात, पण चार तास व्यापाऱ्याची बोलणी खाल्ली ती त्याने, आणि त्याने तर पानात होतं तेच केलं होतं. उद्या सकाळी आधी त्याच्याकडे जा.

मग अप्पांकडे. नियमावली घेऊन जाऊ नकोस. थर्मामीटर घेऊन जा. म्हण, 'अप्पा, चेंबर ३ ला जायचंय, तो मागचा सेन्सर मला दाखवा.' ते येतील. इतकी वर्षं हाताने काम केलेल्या माणसाला आपली गोष्ट कोणी शिकायला आलंय हे कळलं की तो जागेवर बसून राहत नाही. तिथे पोचलीस की त्यांना सांगू दे, तू टाइप कर. अप्पांनी स्वतः कीबोर्डवर बसावं हा आग्रह सोडून दे. त्यांचं काम सांगायचं, तुझं लिहायचं, आणि पानावर नाव त्यांचं यायला हवं. त्यांनी सांगितलेलं घरी जाण्याआधी त्यांनाच मोठ्याने वाचून दाखव. 'असं नाही, आधी व्हॉल्व्ह' असं म्हणत ते तीन ठिकाणी थांबवतील, आणि त्या तीन ठिकाणी तुला असं काही मिळेल जे आजवर कुठेच लिहिलेलं नाही. माफी मागायची असेल तर तिथेच माग, यंत्रापाशी, एका वाक्यात.

परत आलीस की पान उघड. ओळ परत घाल, वर लिहिली तशी, पूर्ण. आणि सेव्ह करण्याआधी त्या लहान चौकटीत लिही: 'अप्पांची सेन्सरची नोंद परत घातली. कारण न विचारता मी काढली होती. आज अप्पांसोबत थर्मामीटरशी ताडून पाहिली, फरक अजून दीड डिग्रीच आहे.'

फरक दीडच निघाला तर. वेगळा निघाला, तर जो निघेल तो लिही.